शांपूची भवानी

पेंटरनं 'शा' काढला, वर ठिपका दिला आणि ब्रश बुडवायला वळला, तेव्हा मी विचारलं, "ह्याच्या पुढं काय लिवणार?"

"शांपू, मावशी. मंदावहिनींनी सांगितलंय. भुवया, केस कापणं, मेंदी, शांपू."

"आणि शांपू म्हंजे नेमकं करायचं काय?"

"मला काय ठाऊक? मी टकला."

बोर्ड आमच्या ओट्याला टेकवून ठेवला होता. निळ्यावर पिवळी अक्षरं. मी ओसरीवर लसूण सोलत बसले होते. मी दुसरीपर्यंत शिकलेली, पण अक्षर सुटं सुटं आणि मोठं असलं की मला वाचता येतं, आणि बोर्डावरची अक्षरं मोठीच असतात. 'मंदाकिनी लेडीज ब्युटी पार्लर' एवढं मी सकाळीच वाचून काढलं होतं.

आम्ही जातीनं न्हावी. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी चोरून विचारायला नको. कृष्णाकाठचं तालुक्याचं गाव, बाजारपेठेच्या तोंडाशी आमचं घर. रस्त्याकडची खोली म्हणजे दुकान. मालक गेल्यावर ते माझा मुलगा जालिंदर बघत होता. घरात शब्द माझा चालायचा. आजही चालतो, फक्त आता ऐकणारी माणसं कमी राहिलीत.

त्या घरात माझा एक नियम होता. आम्हा काशिदांच्या बाईनं दुसऱ्याच्या अंगाला हात लावायचा नाही. बाळंतीण नाही, नवरी नाही, कुणी नाही. का, ते मी सांगितलं नव्हतं आणि विचारायची कुणाची छाती नव्हती.

मग घरात मंदा आली. हडपसरची पोरगी, मॅट्रिक झालेली, वर पुण्यातून कसलासा कोर्स करून आलेली. आल्यापासून एकच घोशा, बायकांचं पार्लर काढायचं. गावात एकही नव्हतं. मी वर्षभर दाद दिली नाही. शेवटी ती म्हणाली, "आत्याबाई, हे आपलं जुनं काम नव्हे. हे इंग्रजी काम आहे. पुण्यात बामणांच्या पोरीसुद्धा करतात." ह्या बोलीवर मी अर्धी खोली दिली. जालिंदरनं मधे प्लायवूड ठोकलं. अलीकडं पुरुषांची दाढी, पलीकडं बायकांचं पार्लर. मंदानं माहेरचे तोडे मोडून मागं रेलणारी खुर्ची आणली, मान टेकायला खाच असलेलं बेसिन आणलं. आठ दिवसांवर उद्घाटन आलं होतं.

तर मी पेंटरला विचारत होते ते प्लायवूडच्या आतून दाबके सरांनी ऐकलं. कॉलेजात भाषा शिकवून रिटायर झालेला माणूस. बायको गेलेली, मुलगा परदेशी, म्हणून दिवसाआड दाढीला यायचे. दाढी निम्मी, बोलणं दुप्पट. अर्ध्या तोंडाला फेस तसाच ठेवून ते बाहेर ओट्यावर आले.

"हौसाबाई, शांपू हा शब्द आपलाच बरं का! इंग्रजांचा नव्हेच."

"सर, वस्तरा वाळतोय," आतून जालिंदर म्हणाला.

"वाळू दे. ऐका हौसाबाई. हिंदीत चांपना म्हणजे अंग दाबणं. कंपनी सरकारच्या काळात साहेब खाटेवर आडवा व्हायचा आणि नोकराला म्हणायचा, चांपो! की नोकरानं साहेबाचं अंग रगडायचं. साहेब रोज तेच म्हणायचा, तेच ऐकायचा. होता होता त्या कामाचं नावच शांपू पडलं."

"चांपो म्हंजे आपल्यात काय?" मी विचारलं.

"आपण चेप म्हणतो की. पाय चेप, डोकं चेप. तोच प्रकार."

माझ्या हातातली पाकळी सुपात पडली. सर रंगात आले होते, त्यांचं लक्ष नव्हतं.

"आपल्याच देशातला एक माणूस विलायतेला गेला. तिथं समुद्राकाठी त्यानं वाफेचं न्हाणीघर काढलं. गोऱ्या लोकांची अंगं चेपून द्यायचा. राजेलोकसुद्धा त्याचं नाव घ्यायचे. म्हणजे तेव्हा शांपू केला म्हणजे अंग चेपलं, केसाचा संबंध नाही. पुढं मग अंग गेलं, डोकं उरलं. मग चेपणं गेलं, धुणं उरलं. मग धुणारा गेला आणि बाटली उरली! ती बाटली आपण आज दुकानातून आणतो आणि म्हणतो, इंग्रजी आहे." ते स्वतःच हसले. फेसाचा एक गोळा सदऱ्यावर पडला. "अभिमान वाटला पाहिजे तुम्हाला. तुमच्या घराण्याचं काम जगभर गेलं."

"म्हंजे साहेब आडवा झाला, त्यानं हुकूम सोडला आणि तुम्ही लोकांनी त्यो हुकूम बाटलीवर छापला."

"अगदी! काय बोललात!" सरांना वाटलं मी खूश झाले.

मी हाक मारली, "मंदे!"

ती ओल्या हातानं आली.

"त्या बेसिनापाशी डोकं धुताना तू काय करणार? दाखव."

"कशावर दाखवू?"

"ह्या सुपावर दाखव."

तिनं सूप पुढं ओढलं आणि लसणाच्या ढिगात दहाही बोटं घालून गोल गोल फिरवली. मग अंगठ्यांनी दाबलं, कानामागं दाबतात तसं. शिकलेली होती, हात चांगला होता. तो हात बघून मला जे कळायचं ते कळलं.

"हे चेपणंच झालं की गं."

"आत्याबाई, ह्याला हेड मसाज म्हणतात."

"म्हणत असतील. पेंटर, ब्रश ठेव. बोर्ड होत न्हाई."

पेंटरनं माझ्याकडं बघितलं, मंदाकडं बघितलं, आणि ब्रश रॉकेलमध्ये टाकला. बोर्डावर 'शां' तेवढा राहिला. दाबके सर म्हणाले, "अहो, पण मी तर शब्दाची व्युत्पत्ती सांगत होतो..." जालिंदरनं त्यांना दंडाला धरून आत नेलं.

चार दिवस घरात भांडी जरा जोरात वाजत होती. मंदा रडली नाही, माहेरी निघून गेली नाही. ती दोन वेळा जेवायला वाढायची आणि तिसऱ्या वेळी बोलायची.

"आत्याबाई, बेसिन परत घेत नाहीत."

"भांडी घास त्यात."

"मी काय वाईट काम करतेय का? ह्यांनी गावाच्या दाढ्या केलेल्या चालतात. मी बाईच्या डोक्याला हात लावला की तुमचं नाक जातं."

"दाढीला गिऱ्हाईक आपल्या दुकानात येतं, मंदे. येऊन बसतं, नंबर लावतं."

"मग माझ्याकडं काय उडत येणारेत? तीही येऊनच बसणार की!"

जालिंदर ताटातला भात नुसता चिवडत होता. त्याचं हे बापासारखं, दोन बायकांचं भांडण सुरू झालं की भूक मरायची.

"आई," तो हळूच म्हणाला, "पत्रिका वाटून झाल्यात. इनामदारांच्या वहिनीसाहेबांच्या हस्ते उद्घाटन आहे. त्यांनी हो म्हटलंय. पहिला शांपू त्यांचाच करायचाय."

मी घास खाली ठेवला. "कोण हो म्हटलंय?"

"वहिनीसाहेबांनी," मंदा म्हणाली. "मी स्वतः बंगल्यावर जाऊन आमंत्रण दिलं. चांगल्या बोलल्या. येते म्हणाल्या."

"इथं? आपल्या दारात?"

"मग आणखी कुठं?"

"आणि त्या खुर्चीत बसणार?"

"उभ्यानं कसं धुणार, आत्याबाई?"

मी घास उचलला. जेवले. हात धुतला. मग म्हटलं, "पेंटरला बोलीव. बोर्ड अर्धा टाकला की घराला अवदसा दिसते."

मंदाला वाटलं, सासू नरमली. मी नरमले नव्हते. इनामदारांची सून आमच्या पुढच्या दारानं येणार, आमच्या खुर्चीत बसणार, हे मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. तेवढ्यासाठी मी माझा नियम बाजूला ठेवला.

उद्घाटनाच्या सकाळी आठापासून बायका जमल्या. शेजारची कासारीण, शाळेतल्या दोन बाई, पोस्टमास्तरची बायको, मंदाची आई हडपसरहून आलेली. ओट्यावर रांगोळी, दाराला लाल फीत, तबकात कात्री. ती दुकानातलीच, जालिंदरनं धार लावून दिलेली. परसात बंब पेटवला होता. पार्लरला गरम पाणी लागतं आणि नळाला गार येतं, त्यामुळं नव्या धंद्याचं पाणी बादलीनं वाहायचं काम जालिंदरकडं आलं होतं. दाबके सर इस्त्रीचा सदरा घालून पुरुषांच्या बाजूला बसले होते. त्यांनी भाषण तयार केलं होतं. बायकांच्या बाजूला जायचं कसं, म्हणून प्लायवूडवरून बोलायचं असं ठरलं होतं.

नऊची वेळ. साडेनऊ झाले. पेढ्यांवर माश्या बसायला लागल्या.

"मोठी माणसं, उशीर व्हायचाच," कासारीण म्हणाली.

"मोटार धुवत असतील," पोस्टमास्तरची बायको म्हणाली.

"मोटारीलाही शांपू करतात वाटतं," मी म्हटलं. हशा झाला. मंदा हसली नाही. ती दारात उभी राहून रस्ता बघत होती.

मोटार आली नाही. म्हादू आला. इनामदारांचा जुना गडी, माझ्याएवढाच म्हातारा, डोक्याला तोच भगवट पटका. रांगोळी चुकवून ओट्याखालीच उभा राहिला.

"वैनीसायबांचं डोकं दुखतंय," तो मंदाला म्हणाला. "त्यांचं काय येनं हुईत न्हाई. तुमालाच बंगल्यावर बलावलंय. बाटली-बिटली घिऊन चला. तितंच धुवायचं म्हनत्यात."

मंदाचा चेहरा पडला आणि लगेच सावरला. "आत्ता?"

"आत्ताच. आन् मागल्या अंगानं या. म्होरं पाव्हनं बसल्यात."

बायका कुजबुजल्या. मंदाची आई म्हणाली, "जा गं, मोठं घर आहे. एकदा त्यांचं काम मिळालं की गावाचं मिळालं." प्लायवूडमागून दाबके सर म्हणाले, "मुली, जरूर जा. आजारी माणसाला आराम देणं हाच ह्या शब्दाचा मूळ..." पुढचं ऐकू आलं नाही. मंदा आत वळली होती. पिशवीत टॉवेल, बाटली, कंगवा टाकत होती.

"अर्ध्या तासात येते, आत्याबाई. मग नारळ फोडू."

"पिशवी ठेव," मी म्हटलं.

"असं कसं? भवानी आहे. भवानीला नाही म्हणायचं?"

तिचं चूक नव्हतं. आमच्या धंद्यात दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे भवानी. ते माघारी लावायचं नाही. ते दारू पिऊन आलेलं असो, उधारीवाला असो, त्याची दाढी करायचीच, नाहीतर तो दिवस गेला म्हणून समजा. आणि हा तर धंद्याचा पहिला दिवस. जालिंदर बादली घेऊन दारात थांबला होता. तोही म्हणाला, "आई, भवानी मोडू नको."

म्हादूला वाटलं, पोरगी नवी आहे म्हणून घाबरते. तो साधा माणूस. त्याच्या मनात काही नव्हतं. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "सुनंला वाट ठावं नसंल तर हौसा, तू चल की संगं. मागलं दार तुला ठावंच हाय."

कासारीण माझ्याकडं बघायला लागली. मंदाचा पिशवीतला हात पिशवीतच राहिला.

हो, मला ठाऊक होतं. गोठ्याच्या अंगानं जायचं, शेणाच्या पाट्या ओलांडायच्या, मग ते दार. लग्न होऊन आले तेव्हा सासूनं इनामदारांचं घर माझ्या हवाली केलं. बाळंतिणींची अंगं चोळायची, पोरांना न्हाऊ घालायचं, आणि दुपारी थोरल्या माईसाहेबांचं डोकं. त्या पलंगावर पडायच्या, मी खाली. माझं नाव त्यांनी घेतलेलं मला आठवत नाही. डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "चेप." झोप लागेपर्यंत चेपायचं. त्या झोपेत असताना माझा हात थांबला की त्यांना जाग यायची, की पुन्हा, "चेप."

माझी थोरली झाली तेव्हा मी अजून सुवेरात होते, दहा दिवसही सरले नव्हते. त्याच आठवड्यात बंगल्यावर बाळंतपण झालं. बोलावणं आलं. सासू म्हणाली, "इनामदारांचं घर तुटंल, जा." मी गेले. त्यांच्या पोराला मांड्यांवर घेऊन तेल लावत होते आणि ते रडलं तशी माझ्या चोळीला दूध फुटलं. माझी पोर घरी साखरेच्या पाण्यावर. माईसाहेबांनी ते बघितलं. म्हणाल्या, "पोराच्या अंगावर सांडू देऊ नको."

मालकांनी पेठेत दुकान टाकलं, त्या दिवशी मी ते घर सोडलं, आणि माझा नियम तेव्हाचा.

हे मी त्या बायकांना सांगितलं नाही. मंदालाही त्या दिवशी नाही. मी उठले, तबकातली कात्री घेतली, लाल फीत कापली आणि आत जाऊन त्या मागं रेलणाऱ्या खुर्चीत बसले. खुर्ची करकरली.

"म्हादू," मी आतून म्हटलं, "वैनीसायबांना सांग, इथं खुर्ची एकच हाय आन् ती भरलीया. त्यांचा नंबर म्होरला. डोकं दुखायचं थांबलं की यावं, ह्या दारानं यावं."

"असं सांगू?"

"असंच सांग. यातला एक शबुद खाऊ नगंस."

"हौसा, त्या चिडतील गं."

"चिडू देत. डोक्यातलं रगत तरी फिरंल."

शाळेतल्या बाई फिस्सकन हसल्या. म्हादू गेला. जाताना त्यानं पटका नीट केला आणि मला वाटतं, थोडा ताठ चालला, पण ते माझं मन म्हणत असेल.

जालिंदर म्हणाला, "आई, घरच्या माणसाची भवानी होत नाही."

"घरचं कोन हाय? मी गिऱ्हाईक हाय. पैशे देईन. तू पानी आन."

मंदा अजून पिशवीपाशीच उभी होती. तिच्या मनात हिशेब चालला होता, मला दिसत होता. मोठं घर गेलं, सासू खुर्चीत, बायका बघतायत. आता तिनं पिशवी उचलली असती तर मी तिला धरून ठेवू शकले नसते. ती तरणी, माझ्या दुप्पट ताकदीची होती. तिनं पिशवीतून टॉवेल काढला, झटकला आणि माझ्या खांद्यावर टाकला.

"मान मागं घ्या, आत्याबाई. खाचेत टेका."

इनामदारांची ती सून पुढं आली का, असं मला लोक अजून विचारतात. आली. दिवाळीच्या आधी आली, पुढच्या दारानं, आणि कासारणीच्या मागं बाकावर नंबर लावून बसली. बाई वाईट नव्हती. मागल्या दाराची गोष्ट तिला कुणी सांगितलीच नव्हती. पण मंदा कुणाच्या घरी गेली नाही. पुढं तिच्या हाताखाली पोरी आल्या, त्याही गेल्या नाहीत. आता गावात दुसरी पार्लरं झालीत, ती फोन केला की घरी जातात. ज्याचा त्याचा प्रश्न.

मंदानं माझा अंबाडा सोडला. काटे एकेक काढून वाटीत टाकले. केस खाली सुटले, तसं मला उघड्यावर बसल्यासारखं झालं. म्हातारपणी माणसाच्या केसांना कोण बघतं? मी आढ्याकडं डोळे लावून पडले. प्लायवूडच्या पलीकडं दाबके सरांनी घसा साफ केला. फीत कापली म्हणजे उद्घाटन झालं आणि उद्घाटन झालं म्हणजे भाषण, असा त्यांचा हिशेब.

"उपस्थित भगिनींनो, आज आपण ज्या शब्दासाठी जमलो आहोत, त्याला फ्रान्सात शांपुआं म्हणतात, तुर्कस्तानात शांपुआन, जपानात शाम्पूऽ..."

"सर, थोडक्यात," जालिंदर म्हणाला.

"थोडक्यातच सांगतोय. अरे, जगभर फिरून आलाय तो."

मंदानं तांब्या भरला. तिनं आधी थोडं पाणी स्वतःच्या मनगटावर ओतून बघितलं, मग माझ्या कपाळावर हाताचा आडोसा धरला, डोळ्यांत जाऊ नये म्हणून. केसांवरून पाणी गेलं. बेसिनात त्याचा आवाज झाला. कानात पाणी शिरल्यावर सरांचं भाषण लांबून कुठून तरी यायला लागलं.

मंदा माझ्या तोंडावर वाकली.

"आत्याबाई, पाणी बरं आहे ना? का फार गरम झालं?"

मी आयुष्यात किती जणींना हे विचारलं असेल, मोजदाद नाही. पाणी कसं आहे, तेल कसं आहे, हात जड पडतो का. मला कुणी विचारल्याचं आठवेना. आई लहानपणीच गेली होती. सासूनं बाळंतपणात पाणी ओतलं ते घाईत ओतलं.

"चालंल," मी म्हटलं.

तिनं दुसरा तांब्या भरला. मी डोळे मिटले.

"थोडं आणखी गरम कर," मी म्हटलं. "आणि सावकाश."